योगाभ्यासाचा प्रारंभ : अडचणी आणि त्यांचा विचार

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा योगदिन म्हणून मान्य केला आणि २०१५ पासून तो शाळांतूनही साजरा होऊ लागला. मुलांना आसने दाखविण्याचे काम त्या दिवशी शिक्षकाकडेच येते. परंतु ज्याने स्वतः कधी सतरंजी अंथरली नाही, त्याला मुलाची मान कोठे अवघडली, श्वास कोठे रोखला गेला, हे ओळखता येत नाही. म्हणून शिक्षकाने स्वतः अभ्यास आरंभणे अगत्याचे आहे. तो बहुधा का होत नाही, हे पाहू.

सर्वांत मोठी अडचण शरीराची नसून समजुतीची आहे. आपले अंग ताठ, वाकून पायाचे अंगठेही हाताला लागत नाहीत, तेव्हा हे आपले काम नव्हे, असे पुष्कळांस वाटते. चित्रांतील लवचीक देह पाहून हा समज अधिकच दृढ होतो. वस्तुतः पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या आहेत. लवचीकपणाचे नावही काढलेले नाही. पश्चिमोत्तानासनात हात नडगीपर्यंतच पोहोचले तर तेथेच थांबावे. गुडघे किंचित वाकले तरी चालतील. कपाळ गुडघ्यास टेकविण्याचा हट्ट धरला की मांडीमागचे स्नायू दुखावतात आणि तिसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळली जाते. अभ्यास सुटण्यास आळसापेक्षा पहिल्या दिवसाचा हा अतिउत्साहच अधिक कारण होतो.

योग हा संन्याशांचा मार्ग, संसारी माणसाचा नव्हे, असेही काही मानतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत, क्ष-किरणांच्या साहाय्यानेही, तपासले. तेव्हापासून या समजास फारसा आधार उरलेला नाही.

वेळेची अडचण मात्र खरी आहे, विशेषतः शिक्षिकांची. पाणी, स्वयंपाक, मुलांचे डबे आणि शाळेची वाट यांत सकाळ संपते. अशा वेळी पहाटेचाच आग्रह धरू नये. जेवणास तीन-चार तास होऊन पोट हलके असले की झाले; शाळा सुटल्यानंतरची पंधरा मिनिटेही पुरतात. घरी एकान्त नसेल, किंवा लोक हसतील असा संकोच वाटत असेल, तर दोघी-तिघींनी वर्गखोलीचे दार लोटून तेथेच अभ्यास करावा. सोबत असली की खंडही कमी पडतो.

पहिल्या महिन्यात ताडासन, वज्रासन, भुजंगासन आणि शेवटी शवासन एवढीच आसने घ्यावीत. दिवसभर फळ्यापुढे उभे राहणाऱ्याच्या पाठीस भुजंगासनाने बरे वाटते. मात्र छाती हातांच्या जोराने रेटू नये. गुडघे दुखत असतील तर वज्रासन सोडून साधी मांडी घालावी. रक्तदाब, हृदयविकार किंवा अंतर्गळ असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, आधी डॉक्टरांस विचारावे. शीर्षासन पुस्तकात पाहून कोणीही करू नये. श्वास नाकाने, सहज चालू द्यावा. नवशिक्याने कुंभक करू नये आणि मुलांकडूनही तो करवून घेऊ नये.