जहाजातून उतरलेली बेटे

कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांच्या मनात ‘बोट’ या शब्दाभोवती पहाटेचा गारठा, पडावात उतरताना मोठ्या माणसाने घट्ट धरलेले मनगट आणि लाटेसरशी वरखाली होणारी शिडी असा बराच प्रपंच जमा झालेला असतो, म्हणून गेल्या माघात, विवाहाला चाळीस वर्षे झाल्याचे निमित्त करून आम्ही उभयता बार्बाडोसच्या ब्रिजटाऊन बंदरात एका अकरा मजली आगबोटीपुढे उभे राहिलो, तेव्हा सौभाग्यवतीने पहिली पृच्छा केली ती हीच, की “अहो, हिला पडाव कुठे लागतो?” पडाव कुठेच लागला नाही. प्रत्येक बेटावर धक्का होता, आणि जिन्याच्या पायथ्याशी थंड पाण्याचे पिंप घेऊन माणूस उभा होता.

कॅरिबियन समुद्राची पूर्व सीमा ज्या लहान बेटांच्या कमानीने आखली आहे, ती कमान म्हणजे अटलांटिकचा समुद्रतळ कॅरिबियन भूपट्टाखाली सरकत असल्यामुळे उद्भवलेल्या ज्वालामुखींची रांग होय. बार्बाडोस तेवढे या कुळातले नव्हे. ते रांगेच्या पूर्वेस एकटे आणि बव्हंशी प्रवाळाच्या चुनखडीचे आहे. ईशान्येकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवर शिडाच्या गलबतांचे सारे भवितव्य अवलंबून असल्याने इंग्रजांनी या बेटांची विभागणीदेखील ‘वाऱ्यासमोरची’ आणि ‘वाऱ्याआडची’ अशी वाऱ्याच्याच हिशेबाने केली. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम; तो सरला, की डिसेंबरपासून प्रवासी जहाजांची ये-जा वाढते. एक बेट दुसऱ्यापासून बहुधा रात्रीच्या प्रवासाइतकेच दूर असल्याने, संध्याकाळी एका मुलखाचा किनारा मावळताना पाहावा आणि पहाटे निराळ्या भाषेच्या, निराळ्या नाण्याच्या मुलखात जागे व्हावे, ही चैन येथे साध्य होते.

जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक उतारूला जीवरक्षक जाकिटाची कवायत सक्तीची असते. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर 1914 साली सागरी सुरक्षिततेचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या परंपरेतला हा दंडक. बंदरात शिरताना वाटाड्या होडीतून येऊन दोरशिडीने चढतो, आणि बंदर सोडताना जहाज बाहेर काढून तसाच होडीत उतरतो. त्याला आपल्या जुन्या मराठीत अरकाटी म्हणत. उत्तर हिंदुस्थानात मात्र, गोड बोलून मजुरांना परदेशच्या मळ्यांवर धाडणाऱ्या दलालालाही आरकाटीच म्हणत, हे मला पहिल्याच रात्री कठड्याशी उभे असताना आठवले, आणि पुढचा सारा प्रवास त्या आठवणीच्या उजेडात झाला. कारण या बेटांवर डोळ्यांना जे दिसते त्यातले बहुतेक सारे, म्हणजे ऊस, माणसे, फळे, भाषा, फार काय उपद्रवी जनावरेसुद्धा, कधी ना कधी जहाजातून उतरलेली आहेत. आम्ही त्या मालातला शेवटचा नग.

बार्बाडोसवर 1627 पासून 1966 पर्यंत इंग्रजांचा अंमल अखंड राहिला. त्या अंमलातून उतरलेल्या वस्तूंत क्रिकेट ही मला सर्वांत निरुपद्रवी वाटते. केन्सिंग्टन ओव्हलचे मैदान बंदरापासून फार दूर नाही. 1971 च्या दौऱ्यात अजित वाडेकरांच्या संघाकडून खेळताना मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी येथे 150 धावा काढल्या, आणि पहिल्या डावात एका धावेवर बाद झालेल्या सुनील गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद 117. मैदानाच्या दारावरच्या वृद्ध पहारेकऱ्याला आम्ही कोठले हे सांगताच त्याने गावसकरांचे नाव उच्चारले, ते जणू गावातल्या एखाद्या थोरल्याची चौकशी करावी तसे. मग आत जाण्याचा परवाना आहे काय, हे विचारण्याचे त्याला सुचले नाही.

एक अहोरात्र समुद्रात काढून आम्ही सेंट किट्सच्या बासतेर बंदरी लागलो. येथे 1912 ते 1926 या काळात मळ्यांतला ऊस कारखान्यात नेण्यासाठी अरुंद मापाची आगगाडी बांधण्यात आली. 2005 साली साखरेचा धंदा सरकारने बंद केला, आणि आता त्याच रुळांवरून आमच्यासारखे उतारू रिकाम्या रानांतून फिरवले जातात. गाडी एका ओढ्याशी मंदावली असता रुळांजवळून मुंगूस आडवे गेले. सौभाग्यवतीने शुभशकुन म्हणून हात जोडले. त्या शकुनाची कुळकथा मात्र अशी, की उसात माजलेले उंदीर खाण्यासाठी 1872 साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात आणली गेली, त्यांची प्रजा पुढे बेटोबेटी पोहोचविण्यात आली, आणि मुंगूस दिवसा हिंडते तर उंदीर रात्री, हा साधा तपशील उशिरा ध्यानात आला. तोवर मुंगसांनी पक्ष्यांच्या अंड्यांवर आणि सरड्यांवर हात मारला होता. ही हकीकत मी तिला सांगितली. ती म्हणाली, “त्यात मुंगसाचा काय दोष?” आणि दोष त्याचा नव्हता, हे मला मान्य करावे लागले.

अँटिग्वात फार रेंगाळण्याचे कारण नाही. समुद्रस्नानाची हौस असणाऱ्यांनी तेथे जरूर रेंगाळावे. आम्ही इंग्लिश हार्बरमधील जुनी गोदी पाहिली, जिला नेल्सनचे नाव आहे. 1784 नंतरची तीन वर्षे तो या भागात तैनात होता, आणि व्यापारविषयक कायद्यांचा अंमल त्याने इतक्या कडकपणे केला, की स्थानिक व्यापाऱ्यांचा रोष त्याने ओढवून घेतला. ज्याला व्यापाऱ्यांनी शिव्या दिल्या त्याच्याच नावावर आज तेथला व्यापार चालतो.

मार्टिनिक हा मात्र खुद्द फ्रान्सचाच जिल्हा आहे. नाणे युरो, पाव खरा फ्रेंच, आणि पोस्टाची पेटी पिवळी. फोर-द-फ्रान्सहून किनाऱ्याने उत्तरेस गेले, की सें-पियेर लागते. एके काळी ते या बेटाचे सर्वांत संपन्न शहर होते. 8 मे 1902 रोजी सकाळी आठच्या सुमारास पेले पर्वतातून तप्त वायू आणि राख यांचा लोट खाली धावला आणि काही मिनिटांत सुमारे 28,000 माणसे मृत्युमुखी पडली. नांगरलेली जहाजेही पेटली. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच वाचले, त्यांत सिपारिस नावाचा एक कैदी होता. ज्या दगडी, जवळजवळ बिनझरोक्याच्या कोठडीत त्याला शिक्षा म्हणून डांबले होते, तिनेच त्याचे रक्षण केले. पुढे तो अमेरिकेतील बार्नमच्या सर्कशीत प्रदर्शनाची वस्तू झाला. ती कोठडी अद्याप उभी आहे. शेजारच्या नाटकगृहाच्या पायऱ्या मात्र आकाशाकडेच चढतात. पलीकडच्या खानावळीत ‘कोलोंबो’ नावाचा पदार्थ मिळाला, आणि पहिल्या घासाला धणे, जिरे, मोहरी, हळद अशी ओळखीची मंडळी जिभेवर जमली. 1848 साली फ्रेंच मुलखात गुलामगिरी बंद झाली, आणि 1853 पासून मळ्यांसाठी हिंदी मजुरांची, मुख्यतः तमिळ प्रदेशातून, रवानगी सुरू झाली. हा मसाला त्यांचाच.

शेवटचा मुक्काम सेंट लुसिया. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात या बेटाचा ताबा चौदा वेळा बदलला असे सांगतात, त्यामुळे दप्तराची भाषा इंग्रजी तर बाजारातली क्वेयोल, म्हणजे फ्रेंच शब्दांवर पोसलेली. दोन पितों शिखरे थेट समुद्रातून उठतात, आणि थोरले सुमारे 800 मीटर उंच आहे. पुण्याच्या काही पेठांहून फार मोठी वस्ती नसलेल्या या बेटाने अर्थशास्त्रात आर्थर लुईस (1979) आणि साहित्यात डेरेक वॉलकॉट (1992) असे दोन नोबेल मानकरी दिले, आणि दोघांचीही जन्मतारीख 23 जानेवारी.

कॅस्ट्रीजच्या बाजारात सौभाग्यवती एका राशीपुढे थबकली. नीरफणस! मूळचा हा प्रशांत महासागरातला. गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून कप्तान ब्लाय तो आणावयास निघाला, 1789 साली ‘बाउंटी’ जहाजावर खलाशांनी बंड करून त्यालाच होडीत सोडून दिले, तरी दुसऱ्या खेपेस, 1793 मध्ये, त्याने रोपे शेजारच्या सेंट व्हिन्सेंटला पोहोचविली. ज्यांच्यासाठी आणला त्यांनी तो बरीच वर्षे तोंडी लावला नाही. आम्ही दोन घेतले. जहाजाच्या जिन्याशी पिशवी यंत्रातून गेली आणि दोन्ही नीरफणस जप्त झाले. ताजी फळे वर नेण्यास मनाई असल्याचा नियम पाटीवर होता, आम्ही वाचला नव्हता.

रात्री केबिनची व्यवस्था पाहणारा साष्टीचा तरुण चादरी बदलावयास आला. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात, त्यांच्या तिसऱ्या पिढीतला. करार संपण्यास अजून चार महिने होते, आणि सेंट लुसियाला बावीस वेळा लागूनही बाजार त्याने पाहिला नव्हता. जप्तीची वार्ता त्याला ठाऊक होती.

“काकी, काप कसे करणार होता?” त्याने विचारले.

“तांदळाचं पीठ लावून.”

“आमची माय रवा लावते,” तो म्हणाला, आणि उशीचा अभ्रा हातात तसाच धरून दोघांचा वाद पुष्कळ वेळ चालला.