अंधाराचे नियोजन : गेमच्या लेव्हलमध्ये प्रकाशझोत कसा लावावा

व्हिडिओ गेम हा शब्द कानावर पडला की पालकांच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती अगदीच निराधार असते असे नाही. तथापि गेम खेळणे ही एक गोष्ट आहे आणि गेम घडविणे ही सर्वस्वी दुसरी. घडविणाऱ्याला भूमिती लागते, भौतिकशास्त्र लागते, चित्रकला लागते. आणि या सर्वांहून अधिक, समोरच्या अनोळखी माणसाच्या नजरेचा विचार करण्याची सवय लागते. आपल्या शाळेतून बाहेर पडणारी काही मुले उद्या या क्षेत्राकडे वळतील. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या पालकांनाही या कामाचे स्वरूप कळावे यासाठी, त्यातील एकाच साधनाची ओळख येथे करून देत आहे. ते साधन म्हणजे स्पॉटलाइट, अर्थात प्रकाशझोत.

गेममधील एकेका टप्प्यासाठी जी जागा उभारली जाते तिला लेव्हल म्हणतात. ती जागा संगणकात शून्यातून रचलेली असते, म्हणून तिच्यात आपोआप काहीच नसते, उजेडही नसतो. प्रत्येक किरण कोणीतरी ठरवून ठेवावा लागतो. त्यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारचे दिवे वापरतात. पहिला सूर्यासारखा, ज्याचे किरण समांतर येऊन संपूर्ण लेव्हलवर पडतात. दुसरा पणतीसारखा, एका बिंदूपासून सर्व दिशांना पसरणारा. तिसरा प्रकाशझोत, जो एका बिंदूपासून निघून शंकूच्या आकारात एकाच दिशेला जातो. संगणकीय चित्रांत असा नियंत्रित दिवा कसा साधावा याची मांडणी डेव्हिड वॉर्न या संशोधकाने १९८३ साली केली. छायाचित्रकाराच्या स्टुडिओतील दिवे जसे वळवता येतात, झडपांनी अडवता येतात, तसेच नियंत्रण पडद्यावरील दिव्यांवर मिळावे असा त्यामागे विचार होता.

पहिल्या दोन दिव्यांपेक्षा या तिसऱ्याचे महत्त्व वेगळे आहे, कारण तो निवड करतो. माणसाची नजर अंधारातून उजेडाकडे जाते, आणि गेमचा रचनाकार या स्वभावाचा उपयोग वाट दाखविण्यासाठी करतो. पाटी न लावता, बाण न काढता, एखाद्या दारावर झोत टाकला की खेळाडू तिकडे वळतो. १९९८ सालच्या ‘थीफ’ या गेममध्ये उजेड व सावली हाच खेळाचा गाभा होता. खेळाडू किती उजेडात आहे हे दाखविणारा एक मणी पडद्यावर सतत दिसत असे. २००८ सालच्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये अंधाऱ्या शहरातून पुढचा मार्ग कोणता हे दिव्यांच्या आधारे सुचविलेले आहे. म्हणजे प्रकाशझोत ही निव्वळ सजावट नाही. काय दिसावे आणि काय दिसू नये, याचा तो निर्णय आहे.

हा निर्णय कसा घ्यावा हे समजण्यासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाची एक जागा घेऊ : पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृह. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेले हे सभागृह सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच आहे. आत ३७ स्तंभ आहेत : दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपाच्या मागे सात. दर्शनी भिंतीत प्रवेशद्वारांच्या वर घोड्याच्या नालासारखी भव्य खिडकी आहे. उजेड मुख्यतः तेथून येतो, तो मधल्या दालनात व स्तूपावर पडतो आणि स्तंभांमागचे मार्ग काळोखात राहतात. एकोणिसाव्या शतकातील वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी या प्रकाशयोजनेची मनःपूर्वक प्रशंसा केली होती. लेव्हल रचणारा आज जे संगणकात करतो, ते येथील शिल्पकारांनी छिन्नीने केले होते. या चैत्यगृहाची लेव्हल आपण रचत आहोत असे समजू आणि त्यात झोत लावू.

प्रारंभ दिव्यापासून नव्हे, निर्णयापासून

नवशिका मनुष्य जागा अंधारी दिसते म्हणून दिवे वाढवत जातो. त्यामुळे सर्व काही सारखेच उजळते आणि नजरेला थांबायला जागा राहत नाही. योग्य क्रम उलटा आहे. प्रथम कागदावर लिहावे : आत येणाऱ्याने सर्वांत आधी काय पाहावे, त्यानंतर काय, आणि काय शोधून काढावे? आपल्या उदाहरणात उत्तर स्पष्ट आहे : प्रथम स्तूप, नंतर स्तंभांची रांग, शेवटी बाजूचे मार्ग. मग सर्व दिवे बंद करून एकेक लावावा, आणि प्रत्येक दिव्याला तो कोणत्या कामासाठी आहे हे विचारावे. ज्याला उत्तर देता येत नाही तो दिवा काढून टाकावा. याच वेळी एक खबरदारी घ्यावी. आपले डोळे जसे अंधाराला सरावतात, तसे गेम इंजिनही चित्राची उजळता आपोआप जुळवून घेत असते. झोत लावताना ही सोय बंद ठेवावी. अन्यथा दिवा मंद केला तरी चित्र तेवढेच उजळ दिसते आणि अंदाज फसतो.

कोन

प्रकाशझोताला दोन कोन असतात. आतील कोनाच्या मर्यादेत प्रकाश पूर्ण तेजाने पडतो. आतील आणि बाहेरील कोनाच्या दरम्यान तो हळूहळू विरतो. बाहेरील कोनापलीकडे काहीच पोहोचत नाही. दोन्ही कोन सारखे ठेवले तर उजेडाची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. नाटकाच्या रंगमंचावर ते शोभते, लेण्यात नाही. दोहोंत पुरेसे अंतर ठेवले म्हणजे कड मऊ होते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. अनरिअल इंजिनमध्ये हा कोन शंकूच्या मध्यरेषेपासून मोजतात, तर युनिटीमध्ये शंकूच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. चार मीटर उंचीवर दिवा टांगून खाली वळवला आणि अनरिअलमध्ये बाहेरील कोन ३० अंश दिला, तर जमिनीवर सुमारे ४.६ मीटर व्यासाचे वर्तुळ पडेल. युनिटीमध्ये तोच ३० आकडा दिला तर ते वर्तुळ जेमतेम २.१ मीटरचे होईल. हिशेब सोपा आहे : उंचीला मध्यरेषेपासूनच्या कोनाच्या ‘टॅन’ने गुणले की त्रिज्या मिळते. दहावीच्या वर्गात ‘त्रिकोणमिती पुढे कशाला उपयोगी पडते’ असा प्रश्न नेहमी येतो. त्याचे एक उत्तर हे आहे.

अंतर

आता मुख्य अडचण. खिडकीतून येणारे सूर्यकिरण जवळजवळ समांतर असतात, परंतु झोताचे किरण पसरत जातात. उदाहरणापुरती खिडकी ४ मीटर रुंद धरू आणि स्तूप तिच्यापासून ३० मीटर आत आहे असे समजू. दिवा खिडकीबाहेर ५ मीटरवर ठेवला आणि कोन खिडकीच्या रुंदीला जुळवला, तर स्तूपापाशी पोहोचेपर्यंत झोत २८ मीटर रुंद होऊ पाहील, म्हणजे सभागृहाच्या दुप्पट. त्या वाटेत तो सर्व स्तंभांवर आदळेल आणि जपायचा काळोख नाहीसा होईल. तोच दिवा ६० मीटर दूर नेऊन कोन अरुंद केला, तर स्तूपापाशी झोताची रुंदी केवळ ६ मीटर राहते आणि सावल्याही उन्हासारख्या सरळ पडतात.

दुसरा लाभ तेजाचा आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो : अंतर दुप्पट झाले की उजेड एक-चतुर्थांश. जवळच्या दिव्याचा खिडकीतील उजेड स्तूपापर्यंत जेमतेम २ टक्के उरतो, दूरच्या दिव्याचा सुमारे ४४ टक्के. मात्र दिवा दूर नेल्यावर त्याची तीव्रता पुष्कळ वाढवावी लागते आणि त्याचा पल्लाही. अनरिअलमध्ये लांबी सेंटिमीटरमध्ये मोजतात. तेव्हा ९० मीटरवरच्या स्तूपासाठी पल्ला ९००० पेक्षा अधिक ठेवला नाही, तर झोत वाटेतच संपतो आणि दिवा बिघडला की काय असे वाटू लागते.

रंग केल्विनमध्ये देतात : मेणबत्तीच्या ज्योतीसाठी १९०० च्या आसपास, दुपारच्या उन्हासाठी ५५०० च्या आसपास. खिडकीतून ऊन आणि स्तूपापाशी एखादी तेवती पणती, या दोन रंगांमधील फरकानेच जागेला खोली येते.

छायेची किंमत

छाया फुकट मिळत नाही. झोताची छाया काढण्यासाठी संगणक दिव्याच्या जागी उभा राहून संपूर्ण दृश्य एकदा पाहतो आणि तेथून जे दिसत नाही ते छायेत आहे असे ठरवतो. सर्व दिशांना पसरणाऱ्या दिव्यासाठी हेच काम सहा बाजूंना करावे लागते. त्या मानाने झोत स्वस्त आहे. तरीही सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १७ मिलिसेकंदांचाच अवधी असतो, आणि त्यात इतर सर्व कामेही उरकायची असतात.

म्हणून जे दिवे हलणार नाहीत त्यांचा उजेड व छाया आधीच मोजून भिंतींवर जणू चित्राप्रमाणे साठवून ठेवतात. १९९६ साली आलेल्या ‘क्वेक’मध्ये हीच पद्धत होती आणि ती आजही चालते. आपल्या लेव्हलमध्ये खिडकीचा झोत असा साठवता येईल. खेळाडूच्या हातातील मशाल मात्र प्रत्येक क्षणी नव्याने मोजावी लागेल. साधा संगणक वापरणाऱ्यालाही आपली रचना पाहता यावी असे वाटत असेल, तर ही काटकसर शिकणे हे रचनाकाराचे कर्तव्यच ठरते.

स्तंभांवरील नावे

येथवर स्तूप उजळला, काळोख राखला गेला, गती सांभाळली गेली. जागा देखणी दिसेल. तरीही काम पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही, कारण या चैत्यगृहात आणखी काही आहे. अनेक स्तंभांवर धम्मलिपीत, म्हणजेच ब्राह्मीत, दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील लोक आहेत, स्वतःला यवन म्हणविणारे आहेत. प्रवेशद्वार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नावही येथील शिलालेखात आहे. हे कोणी राजे नव्हते. त्यांनी आपल्या कमाईतून आणि श्रमातून हे सभागृह उभे केले. खिडकीचा झोत स्तूपाकडे जातो. ही नावे त्याच्या वाटेत येतीलच असे नाही. रचनाकाराने वेगळा विचार केला नाही, तर हजारो खेळाडू या सभागृहातून जातील आणि एकालाही कळणार नाही की येथे कोणी आपले नाव ठेवून गेले आहे.

कोरलेले अक्षर दाखविण्याची रीत वेगळी आहे. समोरून झोत टाकला तर अक्षराची खोली बुजते आणि दगड सपाट दिसतो. दिवा स्तंभाच्या पृष्ठभागाजवळ, बाजूला ठेवून किरण १५ ते २० अंशांनी चाटत जातील असा वळवला, की प्रत्येक खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी होते आणि अक्षर उठून दिसते. प्रत्यक्ष शिलालेख वाचणारे अभ्यासकही विजेरी अशीच तिरपी धरतात. हा झोत अगदी मंद असावा, आतील कोन लहान, कड मऊ, पल्ला हातभर. स्तूपाकडे जाणारी नजर त्याने अडवू नये, परंतु जो स्तंभाजवळ थांबेल त्याला नाव दिसावे. स्तूपाचा झोत सर्वांना पुढे नेतो. हा लहान झोत थांबणाऱ्यासाठी आहे. उत्तम लेव्हलमध्ये दोन्ही असतात.

अलीकडे आपल्या समाजातील अनेक तरुण लेण्यांना भेटी देऊन धम्मलिपी वाचायला शिकत आहेत. त्याच जिद्दीने काहींनी हे तंत्रही शिकावे असे मनापासून वाटते. अनरिअल इंजिन व युनिटी शिकण्यासाठी विनामूल्य मिळतात. वस्तू घडविण्यासाठी लागणारे ब्लेंडर तर पूर्णतः मुक्त आहे. आपला वारसा पडद्यावर कोणीतरी उभा करणारच आहे. त्या वेळी दिवा कोठे ठेवायचा हे ठरविणाऱ्यांमध्ये ज्यांना त्या नावांचे मोल ठाऊक आहे अशी माणसे असली पाहिजेत.

आरंभ लहान करावा. संपूर्ण चैत्यगृह नको. एक स्तंभ, त्यावरचा एक लेख आणि एक झोत पुरे. लेण्यात जाऊन, कोरीव कामाला हात न लावता, पुरातत्त्व खात्याचे नियम पाळून, सकाळी व सायंकाळी उजेड कोठवर येतो याची वहीत नोंद करावी. शाळेच्या संगणक कक्षात बसून तोच उजेड पडद्यावर आणण्याचा प्रयत्न करावा. दोहोंत जेथे फरक पडेल, तेथे कोन, अंतर व तीव्रता पुन्हा तपासून पाहावी.