काच वर जायला चौदा सेकंद

सकाळी नऊला शटर वर घेतलं, तर बाईंची गाडी दारात उभी. 2004 सालची, चारही दारांना पॉवर विंडो. बाई निवृत्त शिक्षिका, अजून स्वतः चालवतात. "टोलनाक्यावर काच खाली घेतली की वर येईपर्यंत मागचे हॉर्न वाजवतात. पाऊस तोंडावर आलाय. मोटरी बदलून टाक बाबा." एका गॅरेजने त्यांना चारही मोटरी बदलायला सांगितल्या होत्या. म्हटलं, "बाई, संध्याकाळपर्यंत गाडी ठेवा. आधी मला बघू द्या."

साडेनऊला इंजिन चालू ठेवून मोबाईलवर वेळ घेतली. ड्रायव्हरची काच वर जायला चौदा सेकंद, बाकीच्या नऊ-दहा. धड काच चार-पाच सेकंदांत चढते.

दहाला ड्रायव्हरच्या दाराचं पॅड काढायला घेतलं. वीस वर्षांच्या क्लिपा कडक झालेल्या असतात, हिसका दिला की तुटतात. हाताखालच्या पोराला पट्टी घालून एकेक सोडवायला लावलं. पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पुष्कळ जण तो फाडून फेकतात, मग पावसाचं पाणी पॅडमध्ये उतरतं. असं काम पाहिलं की मला खरंच राग येतो.

साडेदहाला मीटर लावला. बॅटरीवर 14.1 व्होल्ट, मोटरच्या सॉकेटवर 9.8. हे काच चढत असतानाच मोजायचं. सॉकेट काढून नुसतं मोजलं तर पूर्ण व्होल्ट दिसतात आणि मिस्त्री फसतो. सव्वाचार व्होल्ट वाटेतच मरत असतील तर मोटरीने जोर कुठून आणायचा? मग वाट तुकड्यातुकड्याने मोजली. फ्यूजपासून स्विचपर्यंत 0.4, स्विचच्या आत 2.5, अर्थिंगला 1.4. या गाडीत बाकीच्या तिन्ही काचांचं अर्थिंगही ड्रायव्हरच्या स्विचमधून फिरून येतं, म्हणजे तो एक स्विच खराब झाला की चारही काचा मंदावतात.

साडेअकराला स्विच खोलला. पॉइंट काळे पडलेले. बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवला, कानस कधीच नाही. मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू दिलं. अर्थिंगचा बोल्ट पायाजवळच्या पट्टीखाली गंजलेला सापडला. पत्रा चकाकेपर्यंत घासून तो आवळला. आता मोटरवर 13.2 व्होल्ट. वेळ चौदावरून आठवर आली. मोटरीला हात लावलेला नव्हता.

डबा खाऊन दोनला पुन्हा तेच दार. काच उचलणाऱ्या मशीनपासून काच सोडवली आणि मोटर रिकामी फिरवून पाहिली. झरझर फिरली. काच हाताने वर ढकलली तर जड. दोष काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरात होता. आतली मखमल धुळीने घट्ट झालेली, पुढच्या बाजूला रबर फाटलेलं. पोराला नव्या रबरासाठी नाना पेठेत पिटाळलं. तोवर बाकीच्या दारांची रबरं पट्टीला ओलं फडकं गुंडाळून पुसली, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारला. तिथे ऑइल मारू नये. रबर फुगतं आणि धूळ दुप्पट धरते. मशीनच्या रुळावरचं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते काढून नवं लावलं. नवं रबर बसवून काच पूर्ण वर घेतली आणि मगच तिचे बोल्ट आवळले, म्हणजे ती तिरकी बसत नाही.

साडेचारला मागचं डावं दार. व्होल्ट पुरेसे, रबर साफ, तरी काच रेंगाळत होती. मोटर खोलली तर आतले कार्बन ब्रश झिजून संपत आलेले. ही मात्र बदलली.

साडेपाचला दारांच्या तळाची भोकं मातीने बुजली होती ती मोकळी केली, प्लास्टिकचे कागद पुन्हा चिकटवले, पॅडं बसवली.

सव्वासहाला बाई आल्या. ड्रायव्हरची काच पाच सेकंदांत वर गेली. बाईंनी ती तीनदा खालीवर करून पाहिली.

चारपैकी एकच मोटर गेली होती. तुमच्या गाडीची काच मंदावली असेल, तर मोटरीचे पैसे देण्याआधी मिस्त्रीला तुमच्यासमोर, काच चढत असताना, मोटरवरचे व्होल्ट मोजायला सांगा.