निळी रेषा, लाल रेषा आणि आपलं जोतं



जुलै उजाडला की कोल्हापूर-सांगलीकडच्या नदीकाठच्या घरांत रोज एकच चौकशी असते, "आज बंधाऱ्यावर किती फूट?" रेडिओवर तोच आकडा, मोबाइलवर तोच आकडा. पण तो कोण मोजतं, त्यावरून पुढे काय काय ठरतं आणि आपल्या बचत गटाच्या व्यवहारात तो कुठे उपयोगी पडतो, हे आपण सहसा विचारत नाही. आज तेच समजून घेऊ.

हे काम जलसंपदा विभागाचं. आपण अजूनही त्याला पाटबंधारे खातंच म्हणतो. पाटबंधारे म्हटलं की आपल्याला पाटाचं पाणी आणि पाणीपट्टी एवढंच आठवतं. पण याच खात्यात पूर आणि पाणी यांचं नियोजन करणारे अभियंते असतात. त्यांचं काम दोन टोकांचं आहे. पावसाळ्यात जास्तीच्या पाण्याला जागा ठेवायची आणि उन्हाळ्यात कमी पाणी पुरवून वाटायचं. वाटताना आपल्या राज्याच्या धोरणात पहिला मान पिण्याच्या पाण्याला, मग शेतीला, त्यानंतर उद्योगांना.

आधी आकडे ओळखू

पंचगंगेची पातळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. कृष्णेची पातळी सांगलीच्या आयर्विन पुलावर मोजतात. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर आणि आयर्विनजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती.

हे फूट म्हणजे आपल्या दारातल्या पाण्याची खोली नव्हे. बंधाऱ्यावर किंवा पुलावर एक ठरलेलं शून्य असतं, तिथून वर मोजतात. आपलं गाव त्या ठिकाणापासून किती लांब आहे, उंचावर आहे की खोलगट, यावर आपल्याकडचं पाणी ठरतं.

दुसरा शब्द क्युसेक. एका सेकंदात एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण २८ लिटर, ढोबळमानाने दोन हंडे. "धरणातून दहा हजार क्युसेक विसर्ग सुरू" असं ऐकलं की दर सेकंदाला वीस हजार हंडे नदीत ओतले जातायत असं समजायचं. तिसरा शब्द टीएमसी. हे साठ्याचं माप. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. कोयना धरण पूर्ण भरलं की साधारण १०५ टीएमसी पाणी मावतं.

रेषा कशी आखतात

नदीला उन्हाळ्यात दिसतं तेवढंच पात्र नसतं. पुरात ती दोन्ही बाजूंना पसरते, ती सगळी जमीनही तिचीच. तिथली काळी, गाळाची माती नदीनेच आणून टाकलेली असते. त्या जमिनीला पूरपट्टा म्हणतात. तो कुठपर्यंत आहे हे कागदावर आणि जमिनीवर दाखवणं हे नियोजन करणाऱ्या अभियंत्याचं मोठं काम.

त्यासाठी अनेक वर्षांच्या पावसाच्या आणि नदीपातळीच्या नोंदी काढतात. नदीचा आडवा छेद ठिकठिकाणी मोजतात, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत जमीन कुठे किती खोल, कुठे किती उंच आहे ते बघतात. पूल, बंधारे, रस्त्याचे भराव विचारात घेतात. मग किती पाणी आलं तर ते कुठपर्यंत पोचेल याचा हिशेब करून दोन रेषा आखतात. आपल्या राज्यात ही पद्धत १९८९ पासून आहे.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, किंवा नदीच्या पात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट पाण्याची हद्द. दोन्हींत जी मोठी ती धरतात. नदीपासून या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध. तिथे शेती, बाग, मैदान चालतं, बांधकाम नाही.

लाल रेषा म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला भाग नियंत्रित. तिथे अटी घालून बांधकामाला परवानगी मिळू शकते. जोतं लाल रेषेच्या पाण्यापेक्षा वर हवं आणि पुराच्या वेळी सुरक्षित जागी जायला वाट हवी.

रेषा आखणं जलसंपदा विभागाकडे असलं, तरी बांधकामाची परवानगी हे खातं देत नाही. रेषेचे नकाशे जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि स्थानिक संस्थांकडे जातात. रेषा पाळायची की नाही हे शेवटी परवानगी देणाऱ्याच्या आणि बांधणाऱ्याच्या हातात राहतं. पूरपट्ट्यात भराव टाकून कोणी प्लॉट पाडले, तर तिथे मावणारं पाणी शेजारच्या घरात शिरतं. भरावावरून नेलेल्या रस्त्याला पुरेशा मोऱ्या आणि कमानी नसतील, तर तो रस्ताच पाण्याला अडवतो.

"शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ

इथेच पुष्कळांचा घोळ होतो. २००५ ला महापूर आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. मग बैठकीत बायका विचारतात, "शंभर वर्षांचा हिशेब गेला कुठं?"

त्याचा अर्थ असा. लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक. निळ्या रेषेपर्यंत येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात चार. सारीपाटाचे फासे टाकताना मागचं दान पुढच्या दानाला अडवत नाही, तसंच हे. गेल्या वर्षी पूर येऊन गेला म्हणून यंदा सुट्टी मिळत नाही.

आता हा हिशेब आपल्या व्यवहाराला लावू. समजा, एका गटाने मसाल्याच्या उद्योगासाठी शेड बांधायचं ठरवलं. नदीकडची जागा स्वस्त मिळते, ती अगदी निळ्या रेषेवर आहे. कर्ज सात वर्षांचं. त्या सात वर्षांत निदान एकदा पाणी शेडपर्यंत येण्याची शक्यता चारात एक! शेड तीस वर्षं टिकवायचं म्हटलं, तर दहात सात. रेषेच्या आत, नदीकडे सरकलात तर आणखी जास्त. पुरात गिरणी आणि कांडप यंत्र गेलं तरी हप्ता चालूच राहतो. मग स्वस्त जागा स्वस्त राहिली का, हे गटाने कर्जाच्या अर्जावर सह्या करण्याआधी मांडायला हवं. घरकुलाच्या जागेलाही हाच हिशेब लागू.

धरणाची कसरत

पूर आला की पहिला सवाल येतो, "धरण आधीच रिकामं का नाही केलं?" सवाल रास्त आहे. ऑगस्टमध्ये धरण फार भरून ठेवलं, तर मोठा पाऊस आल्यावर जागा उरत नाही. फार रिकामं ठेवलं आणि पाऊस गेला, तर एप्रिल-मेमध्ये नळ आणि पाट कोरडे. म्हणून कोणत्या तारखेला धरण किती भरू द्यायचं याचं वेळापत्रक आधीच ठरवलेलं असतं आणि पावसाचा अंदाज बघून रोज निर्णय घेतात.

प्रत्येक धरण वेगळं. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीकडे येतं. त्याला वेळ लागतो आणि तोच वेळ आपल्याला आवराआवरीला मिळतो.

शिवाय सगळं पाणी धरणातून येत नाही. धरणाच्या खालच्या भागात पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांतून थेट नदीत येतो, त्यावर कुठलाही दरवाजा नाही. आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा धरतं. पाऊस थांबून ऊन पडलं तरी शिरोळ तालुक्यात पाणी दिवसेंदिवस हटत नाही, याचं हे एक मोठं कारण.

आपल्या गटाने काय करायचं

सगळ्या नद्यांवर सगळीकडे रेषा आखून झालेल्या नाहीत. म्हणून आधी ग्रामपंचायतीत आणि जलसंपदा विभागाच्या जवळच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारायचं, की आमच्या गावात पूररेषा आखली आहे का आणि नकाशा कुठे बघायला मिळेल. अर्जाची पोच घ्यायची.

दुसरं काम, गावचं पूर-रजिस्टर. एका वहीत दोन रकाने करा. एकात बंधाऱ्यावरचा आकडा, दुसऱ्यात त्या वेळी आपल्या गावात पाणी कुठे होतं. ३९ फुटांना मळीत, ४१ ला स्मशानभूमीजवळ, ४३ ला शाळेच्या रस्त्यावर, असं. हे आकडे उदाहरणादाखल, तुमच्या गावचे तुम्ही भरायचे. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुणाच्या घराच्या कितव्या पायरीला, कोणत्या खिडकीला लागलं होतं, ते जुन्या बायकांना विचारून लिहा आणि भिंतीवर रंगाने खूण करा. अभियंत्यालाही पाहणीच्या वेळी अशाच खुणा लागतात. पाहणीला लोक आले की वही पुढे ठेवा. रेषा चुकीची वाटली तर नुसतं भांडून भागत नाही. खुणा दाखवा आणि ग्रामसभेत ठराव घ्या.

या वहीचा सगळ्यात मोठा उपयोग बाहेर कधी पडायचं ते ठरवायला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ पुरातून बाहेर निघालेल्या लोकांची बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. पाणी चारी बाजूंनी आल्यावर निघायचं म्हणजे केवळ नशिबावर हवाला. बंधाऱ्यावर कितीला आपला रस्ता बंद होतो हे वहीत असेल, तर त्याच्या आधीच बाळंतीण, म्हातारी माणसं आणि जनावरं हलवता येतात. गटाची कागदपत्रं, पासबुकं आणि हप्त्याची वही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर पाठवायची, हेही त्याच आकड्याला.

आपल्या मुलींसाठी

हे काम आपल्या मुलींनाही करता येतं. दहावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका घेतली की कनिष्ठ अभियंता पदाची परीक्षा देता येते. पदवी घेतली तर लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे. पुढे उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता अशा पायऱ्या. याच खात्यात कालवा निरीक्षक, मोजणीदार अशीही पदं असतात. सरकारी भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. गणित आवडतं, पण इंजिनिअर म्हणजे कॉम्प्युटर एवढंच जिला माहीत आहे, अशा मुलीला हे जरूर सांगा. पुरात घर आवरलेली मुलगी उद्या रेषा आखायला बसली, तर नकाशावर तिला नुसती जमीन दिसणार नाही, चूल आणि गोठाही दिसेल.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं ठेवा आणि वहीचं पहिलं पान भरा. तारीख, गावाचं नाव, आणि आपल्या माहितीतला सगळ्यात मोठा पूर कुठपर्यंत आला होता ते. मोठी आई, आत्याबाई, मामी, सगळ्यांना बोलतं करा. पाऊस लागण्याआधी एवढं झालं पाहिजे.