प्रतिकृती चिलखत आणि शस्त्रे : वेशभूषा-मंडळांतील अचूकतेचे निकष
(बाळापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

शिवजयंती, शिवराज्याभिषेक दिन, गणेशोत्सवातील देखावे आणि विद्यापीठीय युवक महोत्सवातील शोभायात्रा या निमित्ताने वऱ्हाडातील गावोगावचे तरुण ऐतिहासिक वेश धारण करतात. अंगरखा, शेला व मंदील यांच्या जोडीला चिलखत, शिरस्त्राण, ढाल, तलवार, दांडपट्टा यांच्या प्रतिकृती आता सर्रास दिसू लागल्या आहेत. अशा कार्यक्रमांत परीक्षक किंवा मार्गदर्शक म्हणून बहुधा महाविद्यालयीन प्राध्यापकांनाच पाचारण केले जाते. परीक्षकाच्या हाती जो गुणतक्ता येतो त्यात 'वेशभूषा' असा एक रकाना असतो. परंतु त्या रकान्यात नेमके काय मोजावयाचे याचा उल्लेख सहसा नसतो. परिणामी जे अधिक चमकते त्यास अधिक गुण मिळतात.

प्रश्न केवळ बक्षिसाचा नाही. रस्त्यावरून जाणारी मिरवणूक हे सामान्य प्रेक्षकाचे इतिहासाचे पाठ्यपुस्तकच असते. तेथे पाहिलेले चिलखत त्याच्या मनात कायम राहते आणि पुस्तकातील पान विसरले जाते. म्हणून प्रतिकृती अचूक आहे असे केव्हा म्हणावे, ती अचूकता कोणी व कशी तपासावी, आणि तिच्यासाठी किती किंमत मोजावी, या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

'वठणे' आणि 'जुळणे'

आपल्या लोकपरंपरेत वेशाचे मूल्यमापन करणारा एक शब्द पूर्वापार आहे. बहुरूप्याचे सोंग 'वठले' असे आपण म्हणतो. वठण्यासाठी पोशाख हुबेहूब असावा लागत नाही. चाल, बोलणे आणि एखाददुसरी खूण पुरेशी असते. कागदाची तलवारही बहुरूप्याच्या हाती खरी वाटते, कारण ती खरी आहे असा दावा तो करीतच नाही. याउलट प्रतिकृती ही मूळ वस्तूशी 'जुळावी' लागते. वठणे हा अभिनयाचा निकष होय, तर जुळणे हा पुराव्याचा. गुणतक्त्यातील गोंधळ हे दोन निकष एकत्र केल्यामुळे होतो. अभिनयाचे गुण अभिनयाच्या रकान्यात द्यावेत. वेशभूषेच्या रकान्यात 'कशाशी जुळते?' हा प्रश्न विचारावा, हे या विवेचनाचे पहिले सूत्र होय.

अन्य देशांतील मंडळांचा अनुभव

हौशी वेशभूषेच्या आधुनिक चळवळीचा आरंभ १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनापासून मानला जातो. तेथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन व मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकालीन पोशाख घालून आले होते. पुढे अशा हौशी लोकांची मंडळे निर्माण झाली आणि त्यांना नियमांची गरज भासू लागली. यांपैकी दोन मंडळांचे नियम आपल्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिले म्हणजे १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झालेली 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम'. सतराव्या शतकापूर्वीच्या जीवनाचे पुनर्दर्शन घडविणारी ही संस्था आपल्या कार्यक्रमास येणाऱ्याकडून त्या काळाच्या पोशाखाचा प्रामाणिक 'प्रयत्न' एवढीच किमान अपेक्षा ठेवते. चिलखतधारी द्वंद्वात मात्र तिचे नियम कडक आहेत. तेथे पोलादी तलवारीऐवजी वेताची तलवार वापरली जाते आणि शिरस्त्राणाचा पत्रा किती जाड असावा हे ठरलेले असते. म्हणजेच दिसण्याबाबत सवलत आहे, पण सुरक्षिततेबाबत सवलत नाही.

दुसरे मंडळ १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेले '५०१ लीजन'. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील खलपक्षाच्या सैनिकांचे पोशाख ही मंडळी तयार करतात. त्यांची पद्धत अगदी वेगळी आहे. प्रत्येक पोशाखासाठी एक संदर्भपत्र तयार केलेले असते. त्यात शिरस्त्राण, छातीचा पत्रा, हातमोजे, पट्टा अशा प्रत्येक भागाचे छायाचित्रांसह वर्णन असते. प्रवेशासाठी आवश्यक बाबी कोणत्या आणि त्याहून वरच्या श्रेणीसाठी अपेक्षित बाबी कोणत्या, याची विभागणीही तेथेच केलेली असते. इच्छुक सदस्य आपली छायाचित्रे पाठवितो आणि त्यासाठी नेमलेला सदस्य ती संदर्भपत्राशी ताडून पाहतो. वस्तू विकत घेतली की घरी बनविली हे विचारात घेतले जात नाही.

या मंडळाच्या अनुभवातून एक मार्मिक गोष्ट पुढे येते. १९७७ सालच्या मूळ चित्रपटात वापरलेली शिरस्त्राणे एकसारखी नव्हती. जवळून चित्रित करावयाची शिरस्त्राणे आणि धावपळीच्या दृश्यांसाठीची शिरस्त्राणे यांत फरक होता. त्यामुळे 'मूळ' कोणते हे आधी ठरविल्याशिवाय अचूकता मोजताच येत नाही. चित्रपटासारख्या अलीकडच्या वस्तूची ही अवस्था असेल, तर तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चिलखताबाबत किती सावध राहावयास हवे हे सांगणे नलगे.

पुराव्याची प्रतवारी

अचूकतेची चर्चा ही वस्तुतः साधनांची चर्चा असते. इतिहासाच्या अभ्यासकास परिचित असलेली प्रतवारी येथेही लागू पडते. पहिल्या प्रतीचा पुरावा म्हणजे काळ व स्थळ निश्चित असलेली प्रत्यक्ष वस्तू. दुसऱ्या प्रतीचा म्हणजे समकालीन चित्र किंवा वर्णन. उदाहरणार्थ, 'आईन-इ-अकबरी'तील शस्त्रागाराची माहिती. तिसऱ्या प्रतीत उत्तरकालीन बखरी, चित्रे व परंपरा येतात. नाटक, चित्रपट व मालिका यांना पुराव्याचे स्थान नाही. तथापि आपल्याकडील बहुतेक प्रतिकृती यांवरूनच तयार होतात हे वास्तव आहे.

दोन उदाहरणे या संदर्भात लक्षणीय आहेत. एके काळी शिवछत्रपतींचे म्हणून प्रचलित असलेले एक चित्र प्रत्यक्षात इब्राहिमखान नामक सरदाराचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांतील समकालीन चित्र प्रकाशात आणले, तेव्हा ही चूक दूर झाली. लोकांची श्रद्धा अस्सल होती, आधार मात्र चुकीचा होता. दुसरे उदाहरण वाघनखांचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनार्थ आणण्यात आली. ही वाघनखे जेम्स ग्रँट डफ यांच्याकडून परंपरेने आलेली आहेत. परंतु प्रतापगडावर वापरली गेली ती हीच, याची खातरजमा करता येत नाही असे संग्रहालयाने स्वतःच नमूद केले आहे. जगन्मान्य संग्रहालय आपल्या फलकावर संशय नोंदवू शकते, तर आपल्या मंडळांनी निःसंशय दावे का करावेत?

बाळापूरचा संदर्भ

अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आदर्श स्थळ होय. मन व म्हैस या नद्यांच्या संगमावरील येथील किल्ल्याचा संबंध औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याच्याशी सांगितला जातो व त्याचे बांधकाम अठराव्या शतकात, १७५७ च्या सुमारास, एलिचपूरच्या नबाबाने पूर्ण केले. नदीकाठची छत्री मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाते. जून १६६५ मधील पुरंदरचा तह घडवून आणणारे हे राजपूत सेनानी १६६७ साली बऱ्हाणपूर येथे मरण पावले. ऑगस्ट १७२० मध्ये निजाम-उल्-मुल्क व आलमअलीखान यांच्यातील निर्णायक लढाई याच परिसरात झाली आणि तीत मराठ्यांची फौज आलमअलीखानाच्या बाजूने लढली.

आता समजा, एखाद्या मंडळाने या लढाईचा देखावा करावयाचे ठरविले. रूढ संकेतानुसार एका बाजूस भगवे फेटे व दुसऱ्या बाजूस हिरवे झगे दिले जातील. परंतु १७२० च्या रणांगणावर ही विभागणी टिकत नाही, कारण मराठे एका मोगल पक्षाच्या साहाय्यास आले होते. चिलखतांचेही तसेच आहे. छाती, पाठ व दोन्ही कुशी यांवर एकेक पोलादी पत्रा बसविलेला 'चार आइना' मोगल वापरीत, तसे राजपूतही वापरीत. नाकपट्टी असलेले व मानेवर कड्यांची जाळी सोडलेले शिरस्त्राण, कोपरापर्यंतचा बाजूबंद, चार फुल्यांची गोल ढाल, चकतीच्या मुठीची तलवार हे सर्व हिंदुस्थानभर कमी-अधिक फरकाने सारखेच होते. मराठ्यांच्या आवडीची 'फिरंग' तर युरोपातून आलेल्या पात्याचीच असे. जयसिंगांच्या छत्रीसमोर उभा राहणारा नट अचूक वेश करील, तर तो प्रेक्षकास 'मोगल' दिसेल. आणि तेच ऐतिहासिक सत्य आहे.

अचूकतेचा खरा लाभ येथे प्रत्ययास येतो. ज्या गावात किल्ला, छत्री, मंदिर व दर्गा एकमेकांच्या सान्निध्यात नांदतात, तेथे शत्रूचे विद्रूप सोंग उभे करणे हा निरुपद्रवी अज्ञानाचा भाग राहत नाही. पुराव्यास धरून केलेला वेश प्रेक्षकास शेजाऱ्याकडे खलपात्र म्हणून पाहू देत नाही.

साहित्य, अंतर आणि सुरक्षितता

प्रतिकृतीचे साहित्य मूळचेच असावे का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कड्यांचे चिलखत वजनाने साधारणतः आठ-दहा किलो भरते आणि त्याच्या आत सुती गादीचे वस्त्र असे. असा पोशाख करून वऱ्हाडातील जूनच्या आरंभीच्या उन्हात तीन-चार तास चालणे धोक्याचे आहे. फोम किंवा फायबरचे हलके चिलखत सोयीचे वाटते. पण त्यातून हवा खेळत नसल्याने उष्माघाताची भीती तेथेही आहेच. म्हणून आकार, प्रमाण, जोडणी व रंग यांत अचूकता आणि साहित्यात सवलत, हे धोरण इष्ट होय. पाहणाऱ्याचे अंतरही विचारात घ्यावे. दहा फुटांवरून दिसणाऱ्या मिरवणुकीतील चिलखतास एक निकष आणि महाविद्यालयाच्या प्रदर्शनातील काचपेटीत ठेवावयाच्या प्रतिकृतीस दुसरा निकष असणे योग्य आहे.

शस्त्रांबाबत तर मूळ साहित्याचा आग्रह सर्वस्वी टाळावा. भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तलवार, भाला आदी धारदार आयुधे शस्त्रांच्या वर्गवारीत येतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये शांततेसाठी मनाई आदेश लागू असताना अशी आयुधे बाळगण्यास बंदी असते. धार नाही, एवढ्या सबबीवर विद्यार्थ्यास पोलिसांसमोर उभे करणे कोणत्याही प्राध्यापकास शोभणारे नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या आखाड्यांनी फार पूर्वी दिले आहे. फरीगदग्याच्या खेळात तलवारीऐवजी चामड्याने मढविलेली काठी आणि ढालीऐवजी लहान फरी असते. अमरावतीच्या १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी देशी खेळांची ही परंपरा जोपासली. गदगा तलवारीसारखा दिसत नाही, परंतु तलवारीचे हात त्यात अचूक असतात. अमेरिकेतील मंडळ वेताच्या तलवारीने जे साधते तेच हे आहे.

खर्चाचा प्रश्न

'सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही' ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. एका चमूने शहरातील ड्रेपरीतून चंदेरी प्लॅस्टिकचे चिलखत भाड्याने आणले. त्याचा घाट युरोपीय सरदारांच्या पोशाखाचा आहे. दुसऱ्या चमूने सुतळी विणून, तीस रंग देऊन कड्यांची जाळी केली, तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून चार पट्ट्या कापल्या, त्यांच्या कडा दुमडून कापडाने शिवल्या आणि चामडी पट्ट्यांनी बांधल्या. लिखित निकष नसेल तर पहिला चमू जिंकेल. निकष असेल तर दुसरा जिंकेल, आणि तसेच व्हावयास हवे. कारण त्याने चार आइन्याची रचना समजून घेतली आहे. काटेकोर निकष गरीब विद्यार्थ्यास जाचक ठरतात हा समज म्हणूनच अर्धसत्य आहे. साहित्याचा आग्रह जाचक ठरतो. रचनेचा आग्रह त्यास न्याय देतो.

सुचविलेले निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन कार्यक्रमांसाठी पुढील निकष सुचविता येतील.

१. प्रत्येक चमूने एक पानाचे संदर्भपत्र सादर करावे. त्यात व्यक्ती, वर्ष, स्थळ आणि प्रत्येक भागासाठी घेतलेला आधार नोंदवावा.
२. आधाराची प्रत नमूद करावी. जेथे कल्पनेने भर घातली आहे तेथे तसे स्पष्ट लिहावे. प्रामाणिक कबुलीस गुण असावेत.
३. आकार, प्रमाण, जोडणी व रंग यांना गुण द्यावेत. साहित्याच्या किमतीस देऊ नयेत.
४. सुरक्षितता ही गुणांची नव्हे, प्रवेशाची अट असावी. धारदार पाते, उघडी पत्र्याची कड किंवा श्वास कोंडणारे शिरस्त्राण आढळल्यास ते उतरविण्यास सांगावे.
५. जात, धर्म, वर्ण, लिंग किंवा देहयष्टी यांवरून कोणास कोणतीही भूमिका नाकारू नये. तपासणी वेशाची असते, माणसाची नव्हे.
६. परीक्षकाने गुणांसोबत दोन ओळींचा अभिप्राय द्यावा, जेणेकरून पुढील वर्षी तोच वेश सुधारता येईल.

निष्कर्ष

अचूकतेचे निकष म्हणजे हौसेवर घातलेले निर्बंध नव्हेत. एखादा विद्यार्थी चिलखताच्या एका कडीसाठी संग्रहालयातील छायाचित्र शोधू लागतो, तेव्हा तो साधनचिकित्सेचा पहिला धडा गिरवीत असतो. 'हे असेच होते कशावरून?' हा प्रश्न वर्गात शिकविण्यास जितका कठीण तितका शोभायात्रेच्या तयारीत सहज सुचतो. वेशभूषेचा रकाना जर या प्रश्नाने भरला गेला, तर बाळापूरच्या किल्ल्यासमोरून जाणारी मिरवणूक पाहणाऱ्यांना आणि मिरविणाऱ्यांना दोघांनाही काही शिकवून जाईल. त्यासाठी नवीन निधी किंवा नवीन समिती लागत नाही. गुणतक्ता हाती घेणाऱ्या प्राध्यापकाने स्पर्धेच्या एक महिना आधी संदर्भपत्राचा एक कोरा नमुना चमूंच्या हाती देणे पुरेसे आहे.