दारापर्यंत गेलेली बाई

अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात, लहान मुलांच्या समस्यांसाठी असलेल्या एका केंद्रात, एक आई आपल्या मुलाची कैफियत घेऊन येत असे. मुलगा कुणाला आवरत नव्हता. तिच्याशी बोलायला कार्ल रॉजर्स नावाचे तरुण मानसशास्त्रज्ञ होते. दुखण्याचं मूळ त्यांना पक्कं कळलं होतं: लहानपणी आईनंच या मुलाला झिडकारलं होतं. हे तिच्या गळी उतरवायचा त्यांनी अनेक बैठकांत हरतऱ्हेनं प्रयत्न केला. तिला काही ते पटेना. शेवटी त्यांनी हात टेकले आणि आता थांबलेलं बरं, असं तिला सांगितलं. तिलाही ते मान्य होतं. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली, वळली आणि तिनं विचारलं, इथे मोठ्या माणसांना घेतात का? हो म्हटल्यावर ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली आणि मुलाचं नाव न काढता स्वतःच्या कोसळत चाललेल्या संसाराबद्दल बोलायला लागली. तोवरच्या बैठकांत मांडलेल्या रीतसर माहितीशी या बोलण्याचं काही साम्यच नव्हतं. कुठे दुखतं हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असतं, तेव्हा वाट त्यालाच दाखवू द्यावी, हे रॉजर्स त्या दिवशी शिकले.

फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या जुन्या पुस्तकात हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला, तो ठाण्याला परतताना लोकलमध्ये. वाचता वाचता ठाणं मागे गेलं आणि कळवा आलं. त्याला आता तीस वर्षं होतील. तेव्हापासून बोलण्यातून होणाऱ्या उपचाराबद्दल मिळेल ते मी वाचत आले, आणि मधली काही वर्षं एका हेल्पलाइनवर रात्रीचे फोनही घेतले.

मागचा इतिहास थोडक्यात सांगते. व्हिएन्नामध्ये १८८०-८२ च्या सुमारास डॉ. ब्रॉयर यांची एक रुग्ण, जिला पुढे ‘ॲना ओ.’ या नावानं जग ओळखू लागलं, या उपचाराला ‘बोलण्याचा इलाज’ म्हणायची, आणि गमतीनं ‘धुराडं साफ करणं’ही म्हणायची. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी ती हकिगत १८९५ मध्ये छापली. मग फ्रॉइडचं कोचावरचं मनोविश्लेषण आलं आणि त्याच्या शाखा-उपशाखा झाल्या. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषकांची संस्था काढली. ठाण्याचं मनोरुग्णालय तर १९०१ पासूनचं, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य माझ्या लहानपणी घराघरात ऐकू यायचं.

माझा जीव अडकलाय तो रॉजर्सच्या ध्वनिमुद्रणांत. १९४० मध्ये ते ओहायोच्या विद्यापीठात गेले आणि विद्यार्थ्यांच्या मदतीनं बैठका तबकड्यांवर मुद्रित करू लागले. ७८ च्या गतीनं फिरणाऱ्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत भरायची, म्हणून यंत्रं दोन लागत. एक भरली की दुसरी सुरू. असा एकेक तास जमवून एका माणसाच्या आठ बैठका त्यांनी १९४२ च्या पुस्तकात शब्दशः छापल्या. त्याआधी बंद दारामागे काय बोललं जातं हे बाहेर कुणाला कळत नव्हतं. उपचार करणारा स्वतःच्या आठवणीतून लिहील तेच खरं धरायचं. तबकड्या ऐकल्यावर विद्यार्थ्यांना धक्का बसला. आपण ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, ते प्रत्यक्षात समोरच्याला हाताला धरून आपल्याच मुक्कामाला नेत होते. हेल्पलाइनच्या प्रशिक्षणात माझं मुद्रण मला ऐकवलं तेव्हा माझीही हीच गत झाली होती. अकरा मिनिटांच्या संभाषणात मी ‘तुम्ही असं करून बघा’ हे शब्द नऊ वेळा उच्चारले होते. फोनवरची बाई शेवटी नुसती ‘बरं, बरं’ म्हणत होती.

दुसरी माझी आवडती गोष्ट म्हणजे १९६५ मध्ये आलेली ग्लोरियाची फिल्म. नवऱ्यापासून विभक्त झालेली ही तरुण आई एकामागून एक तीन तज्ज्ञांशी कॅमेऱ्यासमोर बोलते: रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. (याच एलिसचं शास्त्र पुढे कि. मो. फडके यांनी ‘विवेकनिष्ठ’ या नावानं मराठीत रुजवलं.) ग्लोरियाच्या छोट्या मुलीनं तिला एक अवघड प्रश्न विचारला होता, घटस्फोटानंतर तुझे कुणाशी संबंध आले का? आई खोटं बोलली होती आणि ते तिला खात होतं. खरं सांगू की नको, याचं उत्तर ती रॉजर्सकडे परोपरीनं मागते. ते देत नाहीत. पण टाळतही नाहीत. तिच्या कोंडीत ते तिच्याबरोबर उभे राहतात. अर्ध्या तासात तिच्या खांद्यांतला ताठरपणा उतरत जाताना दिसतो. त्या अर्ध्या तासाच्या ओळखीवर तिनं पुढे मरेपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं, रॉजर्सशी पत्रव्यवहार ठेवला.

मराठीत या कामाला आपण ‘समुपदेशन’ म्हणतो, आणि मला तो शब्द सलतो. त्यात ‘उपदेश’ बसलाय. उपदेशाला आपल्याकडे तोटा कधीच नव्हता. वाक्य पुरं व्हायच्या आत सल्ला हातात पडतो. माणसं ‘काउन्सेलिंगला जातो’ म्हणतात ते मला त्यापेक्षा बरं वाटतं.

हे सगळं पुस्तकातून घरात आलं ते माझ्या भाच्यामुळे. त्याला विचारून लिहितेय. तो चोवीस वर्षांचा होता. झोप उडाली होती, नोकरीत लक्ष नव्हतं. त्याला पुरुषांबद्दल ओढ वाटते, हे त्यानं आधी मला सांगितलं, मग आईला, म्हणजे माझ्या ताईला. ताई नाशिकहून तातडीनं आली आणि आम्ही तिघं एका नावाजलेल्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी वीस मिनिटं ऐकलं आणि ताईकडे बघून म्हणाले, ‘लग्न करून टाका, सगळं ठीक होतं.’ रिक्षात कुणीच बोललं नाही. भाचा पुढचे चार महिने कुठल्याही दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हता.

दुसरी खोली सापडली ती अशी: वेताच्या दोन खुर्च्या, समोरासमोर नाही, जरा तिरक्या, मध्ये स्टुलावर तांब्या-भांडं. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, ‘तुला अरे-तुरे केलेलं चालेल की अहो-जाहो करू?’ रॉजर्सना हा प्रश्न कधी पडला नसेल, इंग्रजीत त्याला जागाच नाही. मराठीत मात्र नातं किती अंतरावर ठेवायचं हे पहिल्याच वाक्यात ठरतं, आणि ते ठरवायचा मान बाईंनी त्याला दिला. मग विचारलं, ‘जोडीदार आहे का कुणी?’ गर्लफ्रेंड म्हणाल्या नाहीत. भाचा सांगतो की त्या एका शब्दानं त्याचं अर्धं ओझं उतरलं, कारण खोटं बोलायची वेळच आली नाही. माझ्या ओळखीतली एक पारलिंगी मुलगी सांगते, मराठीत तर क्रियापदच माणसाला उघडं पाडतं. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? तिच्या समुपदेशकानं ती कुठलं रूप वापरते याकडे कान ठेवला आणि दुसऱ्या वाक्यापासून तेच उचललं. समावेशक म्हणजे काय, हे मला या दोघांकडून कळलं.

एकदा भाचा चिडून आला. अगदी कळीचं काही सांगत असताना बाईंची नजर घड्याळाकडे गेली होती. तो पुन्हा जाणार नव्हता. मी काही बोलले नाही, फार कष्टानं. तो गेला, आणि बाईंनीच विषय काढला: ‘मागच्या वेळी मी घड्याळ पाहिलं आणि तू मिटलास. माझं चुकलं. तुला काय वाटलं तेव्हा?’ त्या तासात तो वडिलांबद्दल पहिल्यांदा बोलला. नातं ताणलं जाणं आणि ते दोघांनी मिळून सांधणं, यावर जेरेमी साफ्रान आणि क्रिस्टोफर म्युरान या अभ्यासकांनी आयुष्य घालवलं. उपचारक आणि येणारा यांच्यातलं नातं जितकं घट्ट, तितका गुण येण्याची शक्यता अधिक, हे २९५ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये पुन्हा तपासलं गेलं, आणि उपचाराची पद्धत कुठलीही असो, ते खरं ठरलं. पद्धतींच्या भांडणात मला म्हणूनच रस उरलेला नाही.

थोडं आडवळण घेते. ज्या प्रश्नांना घरात तोंड फुटत नव्हतं, त्यांना मराठीत पहिली जागा मिळाली ती कागदावर. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना न दरडावता, सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून खटला झाला. १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले. पण माणसानं शंका विचारावी आणि ती विकृती ठरू नये, यासाठी आंबेडकर उभे राहिले, हे मला फार मोठं वाटतं.

दुसरा न्यायालयातलाच प्रसंग २०२१ चा. आपल्या नात्याला घरच्यांचा विरोध असल्यामुळे मदुराई सोडून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींनी संरक्षण मागितलं. न्या. आनंद व्यंकटेश यांनी आधी त्यांना आणि त्यांच्या पालकांना समुपदेशकाकडे पाठवलं. मग आपल्यालाच हा विषय पुरता उमगत नाही, असं उघड सांगून ते स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे शिकायला बसले. ७ जूनच्या आदेशात त्यांनी लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ उपचारांना मनाई करायला सांगितलं. पुढल्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिंग, लैंगिक कल, जात, धर्म, वर्ग यांवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेलाच आहे. त्या पहिल्या तज्ज्ञांकडे गेलो तेव्हा हे माहीत असतं तर मी ताईला घेऊन तिथून लगेच उठले असते.

शोधणाऱ्यांसाठी एवढं: गोळ्या लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारावी. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण कुठे झालं, हे विचारण्यात संकोच नको. मुंबईच्या ‘मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’नं क्विअर व्यक्तींसोबत काम करण्याचं खास प्रशिक्षण समुपदेशकांसाठी सुरू केलंय, ते घेतलंय का, असंही विचारता येतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ २०१२ पासून फोनवर ऐकते. सरकारची ‘टेली मानस’ १४४१६ वर आहे.

भाच्याच्या बैठका चौदा महिन्यांनी संपल्या. तो झोपतो, कामावर जातो. ताई मात्र नाशिकला एकटी कुढत होती. या पावसाळ्यात ती माझ्याकडे आठवडाभर राहिली. एका सकाळी बघते तर कालनिर्णयच्या फाटलेल्या पानाच्या पाठीवर तिनं निळ्या पेननं लिहिलं होतं: ‘शिक्षण कुठे? फी किती? जमलं नाही तर थांबता येईल ना?’ आणि खाली, दोनदा खोडून तिसऱ्यांदा, ‘ज्यांचा मुलगा असा आहे अशा आयांशी तुम्ही याआधी बोलला आहात का?’

‘“असा” शब्द बरा दिसत नाही ना गं?’ तिनं विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं तो शब्द खोडला, वर ‘समलिंगी’ लिहिलं, चष्मा पुसला आणि फोन लावला.