सातासमुद्रापारची जाखडी 🥁

चवथीत आमच्या मालवणात घरोघरी भजनं रंगतात. बुवा पेटीवर, पखवाज तापलेला, मध्येच चहा आणि काळ्या वाटाण्याची उसळ. चाकरमानी खचाखच भरलेल्या गाडीतून गावी येतो तो यासाठीच!

पण ज्यांना परत येताच आलं नाही, त्यांचं काय?

१८३४ पासून इंग्रजांनी करारावर मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत नेले. त्यांत आपले कोकणातलेही होते. पोर्ट लुईला हे मजूर जिथे उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

पिढ्या उलटल्या, घरात क्रिओल बोलली जाऊ लागली. गणपतीत नाचायची आपली जाखडी मात्र टिकली! तिथे तिला ‘झाकरी’ म्हणतात. गाणारे आणि ढोलकीवाला ताल धरतात, बाकीचे गोल करून नाचतात. गणेश चतुर्थीला तर तिथे सरकारी सुट्टी असते.

त्या मजुरांच्या सामानात फारसं काही नव्हतं. पण गाण्याला कुठे ट्रंक लागते?

यंदा चवथीला मुंबईहून आलेल्या पोरांच्या हातातला मोबाईल घ्या आणि झांज द्या. बघा, हात आपोआप चालतो! 🙏